नेटवर्कचाही टंच काढावा लागतो

दिवाळीत आतेभाऊ विट्याला आला होता. खानापूर-आटपाडी भागातल्या कितीतरी घरांसारखं त्याचंही घर गलाईवर चालतं. कोइमतूरला त्याची भट्टी आहे. जुने दागिने वितळवायचे, सोनं चोख करायचं, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून द्यायचा. नुसतं कानातलं हातात घेऊन त्यात भेसळ किती हे अंदाजाने सांगणारा माणूस. त्याने फराळाच्या ताटावरूनच फोन माझ्यापुढे केला. "दादा, हे बघ की. अठरा हजार चारशे यूएसडीटी हायेत. फक्त निघंनात."

यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं. टेलिग्रामवरच्या एका गटाने त्याला सांगितलं होतं की पॉलिगॉन या क्रिप्टो व्यवहारांच्या साखळीचं नेहमीचं नेटवर्क संथ आहे, वॉलेटमध्ये आमचं हे 'फास्ट' नेटवर्क भर, बक्षिसाचे पैसे तिथे दिसतील. त्याने भरलं. पैसे दिसले. मग ते काढण्यासाठी आधी 'गॅस' (व्यवहाराचं शुल्क) म्हणून दहा हजार रुपयांची नाणी एका पत्त्यावर पाठवायला सांगितली, तीही त्याने पाठवली. आता ते आणखी वीस हजार मागत होते.

क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा माझा विषय नाही. पण "मला दिसतायत ना!" हे त्याचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण गडबड नेमकी त्या 'दिसण्यात' आहे.

वॉलेट या नावानेच घोटाळा केलाय. वॉलेटमध्ये पैसे नसतात. त्यात असते एक गुप्त किल्ली, म्हणजे एक अवाढव्य संख्या. बारा शब्दांचा सीड फ्रेज म्हणजे त्याच किल्लीचं मूळ. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते बारा शब्द येतात आणि त्यांत १२८ बिटांची यादृच्छिकता असते. शक्यता किती? ३४ वर ३७ शून्यं. पैशांची नोंद मात्र ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांनी सांभाळलेल्या खतावणीत असते. तुमचा फोन ती खतावणी स्वतः उघडून बघत नाही. तो कुठल्यातरी एका संगणकाला विचारतो, "या पत्त्यावर किती शिल्लक आहे?" आणि जे उत्तर येईल ते पडद्यावर छापतो. त्या संगणकाचा पत्ता म्हणजे आरपीसी यूआरएल.

नवं नेटवर्क जोडताना वॉलेट पाच रकाने भरायला लावतं: नेटवर्कचं नाव, आरपीसीचा पत्ता, चेन आयडी (साखळीचा क्रमांक), चलनाचं चिन्ह आणि एक्सप्लोररचा, म्हणजे खतावणी बघायच्या संकेतस्थळाचा, दुवा. नाव कुणीही काहीही लिहावं, ते निव्वळ लेबल आहे. चिन्हाचंही तसंच. पॉलिगॉनचं नाणं मॅटिक २०२४च्या सप्टेंबरात पीओएल झालं, पण नेटवर्क तेच राहिलं. खरा प्रश्न आरपीसी आणि चेन आयडी या दोन रकान्यांचा.

आरपीसी किती सहज खोटं बोलू शकतो हे भावाला पटावं म्हणून मी लॅपटॉपवर वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. कोणीही, कुठल्याही पत्त्याची शिल्लक विचारली तरी तो एकच उत्तर द्यायचा: एक कोटी. चेन आयडी दिला १३३७, घरगुती प्रयोगांसाठी रूढ असलेला. वॉलेटमध्ये हे 'नेटवर्क' जोडलं आणि दुसऱ्याच क्षणी मी कोट्यधीश. हॅकिंग काही नाही, मी माझ्याच लॅपटॉपला विचारलं आणि त्याने मला खूश केलं, इतकंच. शिल्लक खरी आहे याचा गणिती पुरावा मागण्याची सोय इथेरियम या ब्लॉकचेनच्या (पॉलिगॉन तिच्याच धर्तीचं) रचनेत आहे, पण रोजच्या वापरातली बहुतेक वॉलेट तो मागत नाहीत. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

गावोगाव 'पैशाचा पाऊस' पाडून देणारे बुवाही हेच करतात. बंद खोली, पसरलेली चादर, नोटांचा ढीग दिसतो, पण हात लावायचा तर आधी पूजेचं साहित्य आणायला पैसे द्या. इथे पूजेच्या जागी गॅस आला आणि बुवाच्या जागी इंग्रजी बोलणारा ॲडमिन. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर चमत्कारवाल्यांना उघड तपासणीचं आव्हान दिलं, त्यांच्या मृत्यूनंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही आला. ॲपमधल्या चमत्काराला मात्र आपण तपासायचं सोडून ॲप म्हणून मान देतो.

आता चेन आयडी. या आकड्यासाठीच तर मी हा लेख लिहायला बसलो.

१७ जून २०१६ रोजी इथेरियमवरच्या 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीतून, त्याच्या प्रोग्राममधल्या एका चुकीचा फायदा घेऊन, कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) वळवले. ते परत आणण्यासाठी २० जुलैला खतावणीतच दुरुस्ती करायचं ठरलं. सगळ्यांना ते पटलं नाही. भावकीत वाटणी व्हावी तशा दोन साखळ्या झाल्या: दुरुस्ती मानणारी इथेरियम आणि न मानणारी इथेरियम क्लासिक.

समजा, एका पतसंस्थेच्या दोन पतसंस्था झाल्या. खातेदार तेच, खाते क्रमांक तेच, सह्यांचे नमुनेही तेच, आणि चेकवर पतसंस्थेचं नावच छापलेलं नाही. तुम्ही दुकानदाराला पाच हजारांचा चेक दिलात. त्याने तो एकीकडे वटवला, त्याची हुबेहूब प्रत काढून दुसरीकडेही वटवली. सही खरी, शिल्लक आहे, मग दुसरी पतसंस्था नाही कशी म्हणणार? त्या वाटणीनंतर नेमकं हेच घडत होतं. याला रिप्ले हल्ला म्हणतात.

उपाय साधा होता: सही करताना चेकवर पतसंस्थेचं नाव घालायचं. इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिनने मांडलेला ईआयपी-१५५ हा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६मध्ये लागू झाला. हे नाव म्हणजेच चेन आयडी: इथेरियमला क्रमांक मिळाला १, क्लासिकला ६१. पुढे बीएनबी स्मार्ट चेन ५६, पॉलिगॉन १३७, आर्बिट्रम वन ४२१६१.

ते नाव घालण्याची रीत बघा. व्यवहाराचा अनुक्रमांक, शुल्क, कोणाला, किती, आणि सोबत चेन आयडी, हे सगळं एकत्र करून त्याचा केचॅक-२५६ हॅश, म्हणजे त्या मजकुराचा ठसा, काढतात. हॅशवर गुप्त किल्लीने सही होते. सहीचे तीन भाग: आर, एस आणि व्ही. पहिले दोन भलेमोठे आकडे, तिसरा छोटासा. आर हा एका वक्ररेषेवरच्या बिंदूचा क्ष-निर्देशांक. पण एका क्ष-ला त्या वक्रावर दोन बिंदू असतात, एक वर, एक खाली. त्यातला कुठला हे सांगायला पूर्वी व्ही २७ किंवा २८ असायचा. ईआयपी-१५५ने तो केला चेन आयडीची दुप्पट अधिक ३५ किंवा ३६. म्हणजे इथेरियमवर ३७ किंवा ३८, पॉलिगॉनवर ३०९ किंवा ३१०. एकाच चिमुकल्या आकड्यात वर-खालीही आलं आणि साखळीचं नावही! २०२१पासूनच्या नव्या पद्धतीच्या व्यवहारांत चेन आयडीला स्वतंत्र रकाना मिळाला. सोय झाली, गंमत गेली. (वक्ररेषेपाशी कुणी मागे राहिलं असेल तर हरकत नाही, चेकचा दाखला पुरे.)

यातून दोन गोष्टी निघतात. एक, खोटा आरपीसी तुमची सही बनवू शकत नाही किंवा सही केलेल्या व्यवहारातला आकडा बदलू शकत नाही. हॅश बदलला की सही मोडते. तो खोटी शिल्लक दाखवेल, व्यवहार दाबून ठेवेल, तुमचे पत्ते आणि आयपी नोंदवून घेईल. दोन, नावाच्या रकान्यात 'टेस्टनेट' (सरावाचं नेटवर्क) आणि चेन आयडीच्या रकान्यात १ असेल, तर तुम्ही खेळातली समजून केलेली सही मुख्य इथेरियमवर खरीच वटेल. चांगली वॉलेट अशा वेळी इशारा देतात. तो न वाचता 'मंजूर' दाबायचा आपला अंगठा मात्र सराईत झालाय.

मग जोडायचं कसं? बरीच प्रसिद्ध नेटवर्कं वॉलेटमध्ये आधीच यादीत असतात, तिथून घ्या. नसेल तर त्या नेटवर्कच्या अधिकृत संकेतस्थळावर जा, पत्ता स्वतः टाइप करून. चॅटमधल्या दुव्यावरून किंवा जाहिरातीवरून नको. चेन आयडी दोन वेगळ्या ठिकाणी जुळवा. आरपीसीला आयडी विचारला तर तो षोडशमानात उत्तर देतो. ८९ आलं तर आठ सोळे एकशे अठ्ठावीस, अधिक नऊ, १३७: पॉलिगॉन. ३८ आलं तर ५६. अर्थात आयडी जुळला म्हणजे आरपीसी सज्जन ठरत नाही, म्हणून पत्ताही तपासायचाच. नेटवर्क जोडायला सीड फ्रेज कधीच लागत नाही. नव्या नेटवर्कवर आधी शंभर रुपयांएवढीच रक्कम पाठवून, परत आणून बघा. आणि पाठवणारा व घेणारा एकाच नेटवर्कवर आहेत ना, हेही बघा. स्वतःच्या किल्लीचा पत्ता असेल तर चुकीच्या साखळीवर गेलेले पैसे बहुधा सापडतात, एक्सचेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, पत्त्यावर गेले तर विनवण्या.

नेटवर्क अस्सल असलं तरी ते भक्कम असेलच असं नाही. रोनिन नेटवर्कचा पूल, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेण्याची व्यवस्था, नऊ तपासनिसांवर उभा होता. त्यांतल्या पाचांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि मार्च २०२२मध्ये साठ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम गेली. आयडी अगदी बरोबर होता.

भावाच्या फोनवर चेन आयडी १३७च होता. नाव पॉलिगॉनचं, आयडी पॉलिगॉनचा, फक्त आरपीसीचा पत्ता भलताच. पाचव्या रकान्यातला एक्सप्लोररही त्यांचाच, त्यामुळे "तपासून बघितलं" म्हणत होता तेही त्यांच्याच पानावर. मी पॉलिगॉनस्कॅन या पॉलिगॉनच्या खऱ्या एक्सप्लोररचा पत्ता टाइप केला, तिथे भावाच्या वॉलेटचा पत्ता चिकटवला. शिल्लक शून्य.

तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी गिऱ्हाइकालाच इचारलं, तुझं सोनं किती टंचाचं."

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक मिळालाय, दहा हजारांचा अजून पत्ता नाही.