जुनी बर्बन चाखताना आधी बर्फ नको

बारा-पंधरा वर्षं मुरलेली बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की, घरी नेली की आमच्या दुकानात हमखास दोन तक्रारी येतात. "कडवट लागते" आणि "गढूळ झाली, माल अस्सल आहे ना?" बहुतेक वेळा दोन्हींचं कारण एकच असतं: ग्लासात आधी बर्फ पडलेला असतो.

बर्बन कायद्यानेच कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. बहुतेक बर्बन जिथे बनते त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या कडक उन्हाळ्यात लाकडाचा अर्क भराभर उतरतो. व्हॅनिला, काकवीचा गोडवा येतो आणि त्याच्याबरोबर कोऱ्या चहासारखा तुरटपणाही. गार झाली की वास दबतो, गोडवा जिभेला कळत नाही, तुरटपणा तेवढा राहतो. आणि गढूळपणा म्हणजे भेसळ नव्हे. थंड करून न गाळलेल्या बर्बनमधले तेलकट घटक गारव्याने, पाण्याने दुधाळ दिसतात. चवीसाठीच ते राखलेले असतात.

निमुळत्या तोंडाच्या ग्लासात ३० मिली ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या. पहिला घोट अगदी थेंबभर, तोंडाला सवय व्हावी एवढाच. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवा.

पाणी त्यानंतर, तेही मोजून. ६० टक्के अल्कोहोलची असेल तर ३० मिलीत १० मिली पाण्याने ती ४५ टक्क्यांवर येते. ५० टक्क्यांच्या बर्बनला ३ मिली पुरे. बर्फाचे दोन मोठे खडे वितळून ३० मिली पाणी झालं, की तीच बर्बन थेट २५ टक्क्यांवर! नळाचं पाणी टाळा, क्लोरीनचा वास मध्ये येतो. तिखट शेंगदाणे, शेव नंतर खा. तिखटाने पोळलेल्या जिभेला दारू जास्तच झोंबते. बर्फ हवाच असेल तर शेवटच्या घोटांना घाला.

या दोन तक्रारींवर उघडलेली बाटली आम्ही बदलून देत नाही. म्हणूनच पहिल्यांदा घेणाऱ्याला थेट १८ वर्षांची महागडी बाटली सुचवत नाही. नॉब क्रीक या ब्रँडची ९ आणि १२ वर्षांची शेजारी ठेवून चाखा. दोन्ही ५० टक्क्यांच्या, त्यामुळे तीन वर्षं जास्त मुरल्याने काय बदललं ते नीट कळतं. दोघा-तिघांत मिळून घेतल्या तर खर्चही वाटला जातो.

बाटली उभीच ठेवा, उन्हापासून दूर. आडवी ठेवली तर दारूने बूच झिजतं.