स्टेअरिंगचा प्ले आणि लेथचं हँडल

जुनं ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाला ‘बॅकलॅश’ शिकवावा लागत नाही. स्टेअरिंग डावीकडून उजवीकडे वळवलं की आधी चार बोटं ते नुसतंच फिरतं, मग चाकं हलतात. गावात याला प्ले म्हणतात.

मे महिन्यात तालुक्याला लेथवर पिठाच्या चक्कीचा शाफ्ट करायला दिला, तेव्हा हाच प्ले जवळून दिसला. हँडलच्या डायलवर १०० रेघा. एका फेऱ्यात टूल धरणारी स्लाइड ५ मिलिमीटर सरकते. म्हणजे एक रेघ ०.०५ मिलिमीटर. हे झालं रिझोल्यूशन, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान सरकणं. मिस्त्रीनं हँडल उलटं फिरवलं. एक रेघ, दोन, तीन... टूल जागचं हललं नाही! स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूचे आटे आणि नट झिजून मधे फट पडली होती. त्याचा उपाय साधा: मापाच्या मागं जायचं आणि मापावर नेहमी एकाच बाजूनं यायचं.

याच स्क्रूला २०० पावलांत एक फेरा घेणारी स्टेपर मोटर लावली, तर एक पाऊल २५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मायक्रोस्टेपिंगनं त्याचे १६ तुकडे केले की आकडा दीड मायक्रॉनवर येतो. जाहिरातीत हाच मोठ्या अक्षरात छापतात. फट तिथंच, तीन रेघांची, म्हणजे १५० मायक्रॉन! म्हणून चांगल्या सीएनसीत, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रात, दाब देऊन बसवलेला बॉल स्क्रू (नटात गोळ्या असलेला) असतो.

रिपीटेबिलिटी आणि अ‍ॅक्युरसी यांत तर शिकलेलेही गोंधळतात. सरकी टोबायची अंबाडीची दोरी घ्या. तीन-तीन फुटांवर गाठी मारल्या, पण पावसात भिजून दोरी आखडली. आता शेतातल्या प्रत्येक ओळीत झाडं अगदी सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक अंतर चुकलेलं. रिपीटेबिलिटी आहे, अ‍ॅक्युरसी नाही. माझ्या मते पहिली जास्त मोलाची. चूक दरवेळी तेवढीच असेल तर एकदा मोजून वजा करता येते.

आपल्याकडे त्यात उन्हाची भर. मापांचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात. पोलाद मीटरमागं दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ४५ अंशांत मीटरभर स्क्रू ३०० मायक्रॉन लांबतो. पोलादी जॉबही (लेथवर लावलेला तुकडा) सोबत वाढतो म्हणून बरंचसं निभतं. अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट वाढतं, तिथं निभत नाही.

शाफ्टवरून टूल उचललं, तसा मी मायक्रोमीटर घेऊन पुढं झालो. “गरम जॉब मोजत नसतात, भाऊ,” मिस्त्री म्हणाला. ५० मिलिमीटरचा शाफ्ट ३५ अंशांनी तापला की २१ मायक्रॉन फुगतो, गरम असताना मापात आणला तर थंड झाल्यावर तेवढाच बारीक होतो, आणि बेअरिंग ढिलं बसतं. शेवटचा कट त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घेतला.