एमएच २४ पासिंग, झोन बी : मराठवाड्यातल्या तरुणाच्या गाडीचा विमा

लातूर, बीड किंवा परभणी पासिंगच्या कारची विमा पॉलिसी उघडली, की इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि आयडीव्हीच्या (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) गर्दीत अनेकदा एक बारीक नोंद सापडते, ‘झोन : बी’. ती सहसा कोणी वाचत नाही. गाडीवाला कुठला आहे आणि त्याने हप्ता किती भरावा, यांची आपल्याकडे अधिकृतपणे घातलेली सांगड तेवढ्या नोंदीत आहे. चालवणारा एकोणीस वर्षांचा आहे की एकोणसाठ, याची मात्र विम्याच्या अधिकृत दरपत्रकात कुठे जागाच नव्हती. ती का नव्हती आणि आता हळूहळू कशी तयार होते आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली विमासक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. तशी इकडे कुणाला त्याची निकडही नव्हती. स्वतःची मोटार ही जहागीरदारांची नाहीतर बड्या अधिकाऱ्यांची गोष्ट होती. बाकीच्यांसाठी १९३२ मध्ये सुरू झालेली निजाम सरकारची बस होती, आणि त्याआधीपासूनची बैलगाडी. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झालं आणि देशाच्या कायद्यांबरोबर विम्याची सक्तीही इकडे आली.

पुढचा टप्पा राष्ट्रीयीकरणाचा. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांचं विलीनीकरण होऊन न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उरल्या. दर ठरवण्याचं काम टॅरिफ अॅडव्हायजरी कमिटीकडे होतं. चारही कंपन्यांचा दर एकच असल्यामुळे दुकानं फिरून भाव करण्याचा प्रश्न नव्हता. ओळखीचा विकास अधिकारी किंवा एजंट ज्या कंपनीचा, तीच आपली कंपनी.

१ जुलै २००२ पासून ‘इंडिया मोटर टॅरिफ’ हे गाड्यांच्या विम्याचं दरपत्रक लागू झालं आणि झोनचा नकाशा त्यातच आहे. खासगी कार आणि दुचाकींसाठी देशाचे दोन भाग केले गेले. झोन ए मध्ये आठ शहरं होती, अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला सगळा देश झोन बी. म्हणजे वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तेलंगणाच्या सीमेवरचं किनवट एकाच खान्यात. मालवाहू वाहनांसाठी तीन झोन होते. चार महानगरं ए मध्ये, इतर राज्यांच्या राजधान्या बी मध्ये आणि उरलेला देश सी मध्ये. मोंढ्यातून सोयाबीन भरून निघणारा आपल्याकडचा ट्रक त्या सी मध्ये होता.

या यादीकडे मराठवाड्यातून पाहिलं तर एक गंमत दिसते. इथला पोरगा शिकायला पुण्याला जातो, नोकरीला मुंबईला जातो, आणि देगलूर-बिलोलीकडचा असेल तर हैदराबादला. तिन्ही शहरं ए मध्ये. त्याचं घर आणि घरची गाडी मात्र बी मध्ये.

आणि झोन ठरत होता पासिंगवर. गाडी रोज कुठे धावते किंवा रात्री कुठे उभी राहते, हे दरपत्रक विचारत नव्हतं. नोंदणी कुठल्या आरटीओत झाली, एवढंच विचारत होतं. नांदेडच्या वडिलांच्या पत्त्यावर एमएच २६ घेतलेली कार वर्षभर कोथरूडच्या सोसायटीत उभी राहिली तरी ती बीच. कायद्याप्रमाणे पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण त्याच राज्यात राहायला गेलेले फारसे कोणी ते करत नाहीत.

एवढं करून फरक किती पडत होता? एक हजार सीसीपर्यंतची, पाच वर्षांच्या आतली खासगी कार असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर झोन ए मध्ये आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के होता आणि झोन बी मध्ये ३.०३९ टक्के. अडीच लाखांच्या गाडीला पुण्यात ७,८१७ रुपये, जालन्यात ७,५९७. वर्षाला २२० रुपयांचा फरक. ‘आपला बी झोन, आपल्याला स्वस्त पडतं,’ असं एजंट छातीठोकपणे सांगायचे. खोटं नव्हतं ते, पण फरक एका जेवणावळीच्या बिलापेक्षा कमीच होता.

खरा मुद्दा वेगळाच आहे. लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यात दोन स्वतंत्र भाग असतात. एक आपल्या गाडीचा, म्हणजे पत्रा, काच, चोरी, आग, गारपीट यांचा. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा हात-पाय मोडला तर द्यायच्या भरपाईचा. जागेनुसार दर बदलतो तो फक्त पहिल्या भागाचा. खासगी गाडीच्या थर्ड पार्टीचा दर वरून ठरतो आणि तो मुंबईत जेवढा, तेवढाच माजलगावात. १ जून २०२२ पासूनच्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे आकडे आहेत. त्यात ना जिल्ह्याचा रकाना आहे ना वयाचा.

आता याच्या शेजारी अपघातांचे आकडे ठेवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि मरणाऱ्यांत जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे. शहरात पत्रा जास्त घासतो, माणसं जास्त मरतात ती खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर. मराठवाड्यात याची कल्पना यायला सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर ते बीड एकदा रात्री गाडी चालवली तरी पुरे. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि फाट्यावरून दुचाकी कधी आत घुसेल याचा नेम नसतो. म्हणजे थर्ड पार्टीत, जिथे आपला मराठवाडा विमा कंपनीला महाग पडू शकतो, तिथे दर देशभर सारखा, आणि गाडीच्या नुकसानीत, जिथे तो स्वस्त पडतो, तिथे जागेचा फायदा. सरकारी दर गेले आणि थर्ड पार्टीही जिल्हावार झाली, तर ग्रामीण तरुणाला ते परवडणार नाही असं मला वाटतं.

आता वयाचं. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी लायसन मिळतं आणि तिथे पोराचं वय व पोस्टकोड ही जोडगोळीच हप्ता ठरवते. पॉलिसीवर चालवणाऱ्यांची नावं लिहावी लागतात. कॅलिफोर्नियात तर १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं, की दर आधी चालवण्याच्या इतिहासावर, किलोमीटरवर आणि अनुभवाच्या वर्षांवर ठरावा, राहण्याच्या पत्त्याचा क्रम त्यानंतर. आपल्याकडे विमा माणसाचा नसून गाडीचा. वैध लायसन असलेला कोणीही चालवू शकतो, अशी पॉलिसीत अटच असते. त्यामुळे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत चित्र एकच असतं, गाडी वडिलांच्या नावावर, हप्ता वडिलांचा, स्टिअरिंगवर मुलगा. विमा कंपनीच्या कागदोपत्री तो मुलगा नसतोच.

त्याचा तोटा पुढे कळतो. नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो, पण तो जमा होतो ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्या खात्यात. अण्णांच्या गाडीवर सात वर्षं एकही ओरखडा न पाडणाऱ्या मुलाने स्वतःची कार घेतली की तो शून्यावर. अण्णांची गाडी त्याच्या नावावर केली तरी तो बोनस सोबत येत नाही. वारसाहक्काने गाडी आली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे तरुण असण्याचा दंड थेट लावला जात नाही, तो असा आडवाटेने वसूल होतो.

त्यात २०१८ ची भर पडली. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर १ सप्टेंबरपासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणं बंधनकारक झालं. २०२२ च्या दरांत हजार ते पंधराशे सीसीच्या नव्या कारला हे १०,६४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेबारा हजार शोरूममध्येच मोजायचे, मग ते शोरूम अंबाजोगाईला असो की अंधेरीला. पहिली नोकरी लागलेल्या मुलाला ‘ऑन रोड’ किंमत ऐकून धक्का बसतो, त्यात याचा वाटा असतो.

२००७ च्या १ जानेवारीला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले आणि झोनचा नकाशा सक्तीचा राहिला नाही. आता प्रत्येक कंपनी आपापला हिशोब मांडते. मॉडेल, इंधन, गाडीचं वय, आरटीओचा कोड आणि त्या कोडच्या गाड्यांचे आधीचे क्लेम, अशा गोष्टी त्यात येतात. मालकाचं वयही विचारात घ्यायला मोकळीक आहे. ऑनलाइन हप्ता पाहायला गेलं की पहिला प्रश्न गाडीच्या नंबरचा असतो, तो त्यासाठीच. जुना नकाशा वाईट होता, पण भिंतीवर टांगलेला होता. आताचा कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. एमएच २० आणि एमएच ३८ मध्ये, म्हणजे संभाजीनगर आणि हिंगोलीत, तीच गाडी वेगळ्या हप्त्याला पडू शकते. कारण विचारलं तर एजंट ‘सिस्टीम दाखवते’ एवढंच म्हणतो. तोही काय करणार, त्यालाही तेवढंच दिसतं.

हप्ता कमी म्हणजे खर्च कमी असं मात्र नाही. कॅशलेस वर्कशॉप, म्हणजे जिथे कंपनी परस्पर बिल भरते ती, बहुतांशी संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा मोठ्या शहरांत. पाटोदा किंवा कळमनुरीजवळ बंपर फुटला तर टोइंग आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरची वाट पाहणं आलंच. ते टाळायला गावातल्या गॅरेजवर रोख देऊन काम उरकलं जातं आणि क्लेम होतच नाही. त्यातून आपल्या भागाची कागदावरची प्रकृती छान दिसते, इतकंच. हवामानाचाही भरवसा राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत नदीकाठची गावं पाण्यात गेली. गारांनी चेपलेला पत्रा फुल इन्शुरन्समध्ये बसतो. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिन जाम झालं, तर इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नसताना सहसा हात झटकले जातात.

अठराच्या आतल्यांचा विषय दोन वाक्यांत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. शिवाय लायसनचा घोळ असेल तर कंपनी आधी पीडिताला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरणसिंग खटल्यात पक्कं केलं. तेव्हा शेत गहाण पडायचं ते बापाचंच.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने ‘जितकं चालवाल तितकं’ आणि ‘जसं चालवाल तसं’ या तऱ्हेच्या जोड-कव्हरना परवानगी दिली. गाडीतलं उपकरण किंवा मोबाइल अॅप किलोमीटर मोजतं, ब्रेक कसा मारता ते नोंदवतं. प्रत्यक्ष चालवणारा माणूस हिशोबात येतो आहे तो इथे. पुण्यात कंपनीच्या बसने कामाला जाणाऱ्या आणि सणावारालाच गाडी बाहेर काढणाऱ्या परभणीच्या मुलाला यात फायदा आहे. रोज गेवराई ते बीड करणाऱ्याला तो शोधावा लागेल. घेण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी, ठरलेले किलोमीटर वर्ष संपायच्या आत संपले तर काय? बहुधा जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो किंवा कमी होतो. थर्ड पार्टी कव्हर मात्र पॉलिसीच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालू राहतं.