पॅरेन्स पॅट्रिए (राज्याचं पालकत्व)

लॅटिनमधला शब्द, अर्थ ‘देशाचा पालक’. अज्ञान म्हणजे अल्पवयीन मूल किंवा स्वतःचं भलंबुरं कळत नाही असं ठरवलेलं मोठं माणूस, यांच्या वतीनं आणि वेळ पडली तर त्यांच्या मर्जीविरुद्धही राज्य निर्णय घेऊ शकतं, असं हे कायद्यातलं तत्त्व. सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ शेरा (अज्ञान पालनकर्ता) याच कल्पनेच्या जवळचा.

उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक जण इंग्लंडच्या ‘प्रेरोगाटिव्हा रेजिस’ या दस्तऐवजापासून सुरुवात करतात. जुन्या कायदेसंग्रहांत तो दुसऱ्या एडवर्डच्या काळात, साधारण १३२४ च्या आसपास टाकलाय, पण इतिहासकार मेटलंडच्या मते तो मुळात कायदाच नाही, पहिल्या एडवर्डच्या राजवटीत म्हणजे १२७२ नंतर कधीतरी कुणा वकिलानं केलेलं टिपण आहे, आणि हेच जास्त पटतं. त्यात जन्मापासून समज नसलेल्याची जमीन राजाकडे जाते, त्याचा खर्च भागवून उरलेलं उत्पन्न राजाचं, पण मध्येच वेड लागलेल्याची जमीन राजानं नुसती सांभाळायची, बरा झाला की परत द्यायची आणि त्यातून स्वतः काही घ्यायचं नाही. म्हणजे सुरुवात जमिनीपासून झाली, माणसाच्या शरीरावरचा हक्क त्यात नंतर शिरला, हे नीट लक्षात ठेवायला हवं.

मुलांचा धागा वेगळा. सरंजामी पालकत्व, म्हणजे जमीनदाराच्या अज्ञान वारसाचं, तर विकलंही जायचं, ते सांभाळणारं कोर्ट १६६० मध्ये कायमचं बंद झालं आणि पुढे चॅन्सरी कोर्टानं (राजाच्या चॅन्सेलरच्या कोर्टानं) मुलांनाही राजाच्या छत्राखाली आणलं. १८२७ च्या वेलस्ली खटल्यात तिथले न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी तर बापाकडून मुलं काढून घेतली.

मनुस्मृतीतही (८.२७) बालकाचा वारसा तो मोठा होईपर्यंत राजानं सांभाळावा असं आहे, त्यावरून काही जण देशी मूळ दाखवतात, पण आपल्या कोर्टांत हा अधिकार आला तो इंग्रजांकडून, मुंबई हायकोर्टाच्या १८६५ च्या लेटर्स पेटंटमधल्या (राजसनदेतल्या) कलम १७ मध्ये तो दिसतो.

जबरदस्ती कधी योग्य? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये माणसाच्या स्वतःच्या भल्यासाठीही त्याच्यावर सक्ती नको म्हटलं, पण मुलांना त्यातून वगळलं. अमेरिकेत १९६७ च्या गॉल्ट खटल्यात १५ वर्षांच्या मुलाला एका अश्लील फोनसाठी २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवलेलं, मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यात ५ ते ५० डॉलर दंड किंवा फारतर २ महिने कैद झाली असती. भलं करायच्या नावाखाली मुलाला आरोपीचे साधे हक्कही मिळाले नव्हते, ते तिथल्या सुप्रीम कोर्टानं दिले.

महाराष्ट्रात १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली गेली. कारण सांगितलं पाळीतल्या स्वच्छतेचं. महिला संघटना पेटून उठल्या. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं, आणि सोय सांभाळणाऱ्यांची होती की मुलींची, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक चर्चेत येतो, यायलाच हवा. २००९ च्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात मात्र सुप्रीम कोर्टानं सौम्य मतिमंदत्व असलेल्या गरोदर तरुणीची मूल ठेवायची इच्छा मानली आणि हायकोर्टाचा गर्भपाताचा आदेश रद्द केला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मर्जीशिवाय दाखल करायला आधी ३० दिवसांची मर्यादा, पुढे मानसिक आरोग्य आढावा मंडळाच्या मान्यतेनं ९०, १२०, १८० दिवस, आणि पेशंटला मंडळाकडे दाद मागता येते. मुदत आणि जाब विचारायची जागा, हे दोन्ही असेल तरच सक्ती समर्थनीय ठरू शकते. पण या कायद्याच्या व्याख्येत मतिमंदत्व नाही, म्हणजे शिरूरच्या मुली त्यात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातलं मर्यादित पालकत्व, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं, आणि त्याच्याच शेजारी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातला, स्थानिक समितीनं नेमलेला जुन्या पद्धतीचा पालक.