फाटक्या क्यूआरमधून पैसे भलतीकडे का जात नाहीत

महात्मा फुले मंडईतल्या गाळ्यावर लावलेला क्यूआरचा चौकोन पावसाळा संपेपर्यंत पार कळकट होतो. पाण्याचे ओघळ, मातीचे शिंतोडे, ओल्या हळदीची बोटे, एखादा कोपरा उचकटलेला. तो स्कॅन करताना अनेकांना शंका येते, की चौकोन असा खराब झाला असताना पैसे दुसऱ्याच कुणाला गेले तर? खाते क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला तर तसे होऊ शकते, म्हणून ही शंका रास्त वाटते. क्यूआरला मात्र ती लागू होत नाही. याला कारण आहे १९६० सालचे एक गणित, आणि ते शाळेतल्या आलेखाच्या कागदावर समजण्याइतके सोपे आहे.

आधी चौकोनात काय असते ते पाहू. पैसे नसतात आणि सहसा खाते क्रमांकही नसतो. असते ती साधी मजकुराची एक ओळ: विक्रेत्याचा यूपीआय पत्ता, त्याचे नाव आणि चलन. गाळ्यावरच्या कायमच्या चौकोनात रक्कम नसते, ती आपण टाकतो. दुकानातल्या यंत्रावर दर बिलाला नवा उमटणारा चौकोन रक्कमही सोबत आणतो. क्यूआर १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. पेटंट असूनही कंपनीने त्याचा वापर सगळ्यांना खुला ठेवला. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हा हा चौकोन असा आयता हाताशी होता.

समजा ओळ ८० अक्षरांची आहे आणि दुरुस्तीची, म्हणजे किती डाग चालावेत याची, मध्यम पातळी निवडली आहे. मग ३७ बाय ३७ घरांचा चौकोन लागतो. दर आठ काळ्या-पांढऱ्या घरांचा मिळून एक ‘शब्द’, म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. असे एकूण १३४ शब्द बसतात. त्यातले संदेशाचे फक्त ८६. उरलेले ४८ शब्द केवळ डागांची तयारी म्हणून छापलेले असतात.

या ४८ शब्दांचे काम असे चालते. मला ३ आणि ५ हे दोन आकडे पाठवायचे आहेत. आलेखावर क्ष = ० ला ३ आणि क्ष = १ ला ५ असे दोन बिंदू मांडले. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. ती पुढे वाढवली तर क्ष = २ ला ७ आणि क्ष = ३ ला ९ मिळतात. मी ३, ५, ७, ९ असे चारही आकडे पाठवतो. वाटेत डाग पडून तुम्हाला ३, ५, १, ९ मिळाले, तर तीन बिंदू एका रेषेत येतात आणि १ बाहेर पडतो. रेषेवर त्या जागी ७ आहे, म्हणजे चूक सापडली आणि सुधारलीही. आता दोन आकडे बिघडले आणि ३, ६, १, ९ मिळाले असे धरा. यातले कोणतेही तीन बिंदू एका रेषेत येत नाहीत. म्हणून वाचणारा अंदाज बांधत बसत नाही, वाचायलाच नकार देतो.

आयर्विंग रीड आणि गुस्ताव सोलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत. दोन जादा शब्दांमागे एक चूक दुरुस्त होते, मग ती कुठेही पडलेली असो. क्यूआरमध्ये सरळ रेषेऐवजी बरीच मोठी बहुपदी असते, तत्त्व तेच.

एक अडचण उरते. गुणाकार करताना संख्या २५५ च्या वर जाता कामा नये, आणि भागाकारही जमला पाहिजे. २५६ ने भागून बाकी घ्यायची असे ठरवले, तर १६ × १६ = ० होते आणि भागाकार मोडतो. म्हणून इथे वेगळे अंकगणित वापरतात. काळ्या-पांढऱ्या घरांसारखे फक्त १ आणि ० वापरून संख्या लिहायची आणि बेरजेत हातचा धरायचा नाही: १ + १ = ०. दुप्पट करताना संख्या २५५ च्या वर गेली की २८५ ही ठरलेली संख्या याच बिनहातच्या रीतीने त्यात मिळवायची. १२८ × २ = २५६, त्यात २८५ मिळवले की उरतात २९. म्हणून या जगात १२८ × २ = २९. विचित्र दिसते, पण शून्य सोडून प्रत्येक संख्येने इथे निःशेष भागाकार होतो, आणि त्यावरच सगळी दुरुस्ती उभी आहे.

आपल्या चौकोनातले १३४ शब्द ६७-६७ च्या दोन गटांत असतात आणि प्रत्येक गटात १२ शब्दांपर्यंतची चूक भरून निघते. मर्यादा ओलांडली तर फोन काहीच वाचत नाही. बिघडलेला गट योगायोगाने दुसऱ्याच वैध मजकुराला जुळण्याची शक्यता ४८ कोटींत एकापेक्षाही कमी असते. तरीही तसे झालेच, तर तो मजकूर कुणाचा तरी नोंदलेला यूपीआय पत्ता असायला हवा. खराब चौकोन गप्प बसतो, भलता पत्ता सांगत नाही.

डाग कसा आहे यावर बरेच अवलंबून असते. शब्दाची आठ घरे बहुतेक ठिकाणी दोन बाय चार अशी जवळजवळ असतात. एक घर बिघडो की आठही, चूक एकाच शब्दाची धरली जाते. नऊ सेंटिमीटरच्या स्टिकरवर घर सुमारे दोन मिलिमीटरचे पडते. म्हणजे दीड सेंटिमीटरचा बोटाचा ठसा दहा-बारा शब्दांना लागतो, आणि दोन्ही गटांचे शब्द आलटून पालटून मांडलेले असल्याने ते नुकसान निम्मे-निम्मे वाटले जाते. चाळीस बारीक शिंतोडे मात्र चाळीस शब्द बिघडवू शकतात. पातळ हळद कॅमेऱ्याला पांढऱ्यासारखीच दिसते, कुंकू काळ्याकडे झुकते. दसऱ्याला स्टिकरची पूजा करायची तर कुंकवाचे बोट मधोमध लावावे, तीन मोठ्या कोपऱ्यांवर कधीच नको. त्या कोपऱ्यांना दुरुस्तीचे संरक्षण नाही. त्यांच्यातले काळ्या-पांढऱ्याचे १:१:३:१:१ हे प्रमाण शोधूनच फोन चौकोन ओळखतो.

भोवतीची चार घरांची पांढरी पट्टीही तितकीच गरजेची. स्टिकर नीटनेटका दिसावा म्हणून ती कात्रीने कापली की स्कॅन अडते. लॅमिनेशनवर ऊन चमकले की तिरक्या कोनातून धरावे. ‘जास्त दुरुस्ती म्हणजे चांगले’ हेही सरसकट खरे नाही. सर्वोच्च पातळीवर त्याच ओळीला ४९ बाय ४९ घरे लागतात. तेवढ्याच कागदावर घर दीड मिलिमीटरच्या आसपास येते आणि हातगाडीपलीकडून वाचणे अवघड होते.

हे गणित डागापासून वाचवते, लबाडीपासून नाही. मूळ स्टिकरवर कुणी स्वतःचा स्टिकर चिकटवला, तर तो अगदी बिनचूक वाचला जातो आणि पैसे त्या चोराकडे जातात. गाडीला लिंबू-मिरची बांधून हे टळत नाही. सकाळी दुकान लावताना स्टिकरच्या कडेवरून नख फिरवावे आणि एकदा स्वतः स्कॅन करून नाव पाहावे. ‘नुसते स्कॅन केले तरी खाते रिकामे होते’ हा फॉरवर्ड होणारा संदेशही खोटा आहे. आपण स्वतः मंजुरी दिल्याशिवाय, बहुतेकदा पिन टाकून, पैसे जात नाहीत, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी ‘पैसे मिळवायला पिन टाका’ म्हणाला तर तो पैसे काढायलाच बसला आहे.

नाव पाहण्याची ही सवय मात्र आपल्याकडेच मोडली आहे. गाळ्यावर मावशी बसलेल्या असतात आणि पडद्यावर नाव येते मुलाचे, नवऱ्याचे किंवा पुतण्याचे. गिऱ्हाईक विचारते, ‘हेच ना?’ मावशी म्हणतात, ‘हो, पोराचं आहे.’ असे रोज घडले की नाव न जुळणे हीच रीत होते, आणि स्टिकर बदलणाऱ्याला हेच हवे असते. दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. पूर्वी दिवसाची कमाई मावशींच्या कनवटीला असे आणि भिशीचा हप्ता, नातवाचा खाऊ, उद्याच्या मालाचे पैसे त्या स्वतः काढत. आता तीच रक्कम दुसऱ्याच्या फोनवर जमा होते आणि संध्याकाळी मागून घ्यावी लागते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली खरी, पण घरातला गल्ला कुणाच्या हातात, हेही त्याबरोबर बदलले.

पैसे स्वीकारायला स्मार्टफोन जवळ बाळगावा लागत नाही. स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल नंबर हवा. नोंदणीच्या वेळी घरातल्या कुणीतरी मदत केली की पुढे स्टिकर आणि रक्कम बोलून दाखवणारा डबा पुरतो. त्या डब्याला निरोप गिऱ्हाइकाच्या फोनकडून येत नाही, डबा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडून येतो. म्हणून ‘पैसे गेले’ असा बनावट पडदा दाखवून त्याला फसवता येत नाही. मात्र त्याचे नेटवर्क गेले की पैसे जमा होऊनही तो गप्प राहतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर विसंबण्यापेक्षा खात्यावर रक्कम आल्याचा बँकेचा एसएमएस पाहावा, आणि तो येण्यासाठीही खात्याला जोडलेला नंबर मावशींचाच हवा.