पैसा नक्की कोणाचा? धर्मादाय हॉस्पिटलातल्या २० टक्के खाटांमागची गोष्ट

सरकारी हॉस्पिटल म्हणजे सरकारचा पैसा आणि खाजगी म्हणजे आपला खिसा, असा सरळ हिशेब आपण करतो, पण मुंबईत तो जुळत नाही. जर्मनीत १८८३ पासून पगारातून कापलेल्या वर्गणीवर आजारपणाचा विमा आहे, ब्रिटनमध्ये १९४८ पासून मुख्यतः टॅक्सच्या पैशावर सगळं चालतं. आपल्याकडे १९४६ च्या सरकारी अहवालाने पैशावाचून कोणाचे उपचार अडू नयेत असं म्हटलं खरं, पण पुढे कामगारांना एक योजना, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना दुसरी, आणि बाकीच्यांनी एकतर पालिकेच्या नाहीतर सरकारी हॉस्पिटलात रांग लावायची किंवा कर्ज काढायचं.

मुंबईतली बरीच मोठी 'खाजगी' हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय ट्रस्ट आहेत. म्हणजे इन्कम टॅक्सची सूट, कित्येकांना नाममात्र भाड्याने जमीन, काहींना जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी. हा सगळा लोकांचाच पैसा, फक्त तो बजेटमध्ये दवाखान्यांचा खर्च म्हणून दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही! त्या बदल्यात गरिबांसाठी खाटा ठेवायची अट १९८० च्या दशकात ट्रस्टच्या कायद्यात आली, पण अंमलबजावणी इतकी ढिली की प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने स्कीम ठरवून दिली.

त्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, शिवाय हॉस्पिटलच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकायची आणि या रुग्णांचा खर्च त्यातून करायचा. इमर्जन्सीत डिपॉझिट मागायचं नाही, आधी भरती करायचं. वाद आहे तो या २ टक्क्यांवर. हॉस्पिटलवाले म्हणतात फंड संपला की आम्ही कुठून आणायचं, रुग्णांच्या बाजूचे म्हणतात खाटांची अट वेगळी आणि फंडाची वेगळी, फंड संपला म्हणून खाट संपत नाही. मला दुसरं म्हणणं पटतं, कारण जमीन आणि टॅक्सची सूट काही फंडाबरोबर संपत नाही. आणि हे २ टक्के येतात शेवटी बिल भरणाऱ्या पेशंटच्या पैशातूनच, मग ही खाजगी देणगी म्हणायची की शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून घेतलेला टॅक्स? दारात तहसीलदारांचा दाखला नाहीतर रेशनकार्ड घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र एवढंच सांगतात की खाट नाही.

नंतर राज्याने उलटी वाट धरली, २०१२ मध्ये मुंबईसह ८ जिल्ह्यांत कॅशलेस योजना आली, दीड लाखापर्यंतचे उपचार, खाजगी हॉस्पिटलातही, बिल सरकारचं. २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, २०१८ मध्ये केंद्राची ५ लाखांची योजना आली, आणि २०२३ मध्ये राज्यानेही ५ लाखांचं कव्हर सगळ्यांनाच द्यायचं ठरवलं.

देशाच्या आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ दाखवतात, आणि सरकारचा २८.६ वरून ४८ वर गेला. पण सरकारच्या या वाट्यात पालिकेच्या हॉस्पिटलांवर केलेला खर्च येतो तसाच योजनेतून खाजगी हॉस्पिटलला दिलेला पैसाही येतो, आणि ट्रस्टना दिलेली टॅक्सची सूट त्यात कुठेच धरलेली नाही.