हाउलंडची एलिझाबेथ कोणाची लेक?

अमेरिकेत जुने पूर्वज शोधताना घोडं अडतं ते बहुधा बायकांपाशी. लग्नानंतर आडनाव बदललं की माहेर कागदावरून पुसलं जातं, आणि रिकाम्या जागी कोणीतरी वजनदार नाव आणून बसवतं. जॉन हाउलंडच्या बायकोचं नेमकं हेच झालं.

हाउलंड १६२० साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीत आला, गव्हर्नर जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला होता. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. त्याला पुढे दहा मुलं झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्याच्याच वंशातले.

बायकोचं नाव एलिझाबेथ, एवढं पक्कं होतं. १६२७ च्या मे महिन्यात वसाहतीतली गुरं वाटली गेली, तेव्हा तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडून प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं. चौथ्या गटात जॉन, एलिझाबेथ आणि त्यांची दोन मुलं, जॉन आणि डिझायर, आहेत. या गटाच्या वाट्याला ‘रॅगहॉर्न’ नावाची एक कालवड आली. कालवडीचं नाव टिपलं, ती कोणत्या जहाजातून आली तेही टिपलं. एलिझाबेथच्या बापाचं नाव लिहायची गरज कोणाला वाटली नाही. गुरांच्या यादीत ते का लिहितील म्हणा!

मग पुढच्या पिढ्यांनी तिला कार्व्हरांची मुलगी करून टाकलं. नोकराने मालकाची लेक केली, ही गोष्ट ऐकायलाही गोड. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत दगड उभारला, त्यावरही तेच कोरलं. दगडावर कोरलेलं खोटं कसं असेल, असं बघणाऱ्याला वाटणारच. पण माणूस गेल्यावर दीडशे-दोनशे वर्षांनी बसवलेला दगड हा पुरावा नव्हे, तो ऐकीव गोष्टीचाच दगडी अवतार.

उलगडा झाला तो एका हरवलेल्या वहीतून. वसाहतीचे दुसरे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी प्लिमथचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. हे हस्तलिखित बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते गायब झालं. १८५५ मध्ये त्याचा पत्ता लागला थेट लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात. १८५६ मध्ये ते छापलं गेलं, आणि मूळ प्रत मात्र १८९७ मध्येच मॅसॅच्युसेट्सला परतली. या वहीच्या शेवटी ब्रॅडफर्डांनी जहाजातल्या माणसांचं पुढे काय झालं याची यादी जोडली आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय: हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, दोघेही हयात आहेत, दहा मुलं आहेत. ब्रॅडफर्ड याच जहाजातून आलेले आणि त्याच गावात राहणारे; त्यांच्या शब्दापुढे दगडाचं काय चालणार?

टिली दांपत्य पहिल्याच हिवाळ्यात गेलं. एलिझाबेथ तेव्हा तेरा वर्षांची होती. वय ठाऊक आहे ते इंग्लंडमधल्या बेडफर्डशरच्या हेन्लो गावातल्या चर्चच्या नोंदवहीमुळे: बाप्तिस्मा, ३० ऑगस्ट १६०७.

अशा नोंदी वाचताना तारखांचंही भान ठेवावं लागतं. १७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून हाउलंडचा मृत्यू, फेब्रुवारीतला, १६७२/७३ असा दुहेरी लिहितात. हे ठाऊक नसलेला हौशी संशोधक एक वर्ष सहज चुकतो.

एलिझाबेथ नवऱ्यामागे चौदा-पंधरा वर्षं जगली. डिसेंबर १६८६ मधल्या तिच्या मृत्युपत्रात मुली सासरच्या आडनावांनिशी आल्या आहेत: लिडिया ब्राउन, एलिझाबेथ डिकिन्सन, हॅना बॉसवर्थ. त्या घराण्यांतले लोक आज मूळ शोधत येतात, ते याच कागदापाशी.